कीबोर्डला हात लावायचा नाही

“तू दाराबाहेर थांब. एसीची खोली हाय, शेणाचा वास कोंडतो,” कॉम्प्युटर लॅबचे सर म्हणाले.

वर्ग हसला. चपला मी आधीच बाहेर काढल्या होत्या. कपड्यांचं काय करणार? तासभर तशीच उभी राहिले.

त्या दुष्काळात आम्ही बीडजवळच्या चारा छावणीत राहत होतो. गावची विहीर आटली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन गाई आणि बैलजोडी तिथं आणून बांधली. आई आजारी आजीपाशी गावीच राहिली, म्हणून आबांच्या सोबतीला मी. टँकरचं पाणी आधी जनावरांना. उरलं तर आंघोळ. सकाळी शेण भरायचं आणि तसंच कॉलेज गाठायचं. छावणी चालवायची एक सहकारी संस्था. आमचं कॉलेजही तिचंच. दोन्हीकडे चेअरमन एकच.

पुढं सरांनी आत घेतलं, पण अट घालून. कीबोर्डला हात लावायचा नाही. एका मशीनवर दोघं बसायचे, माझ्या जोडीला चेअरमनचा पुतण्या. तो म्हणाला, “तू वहीत लिहून दे. टाईप मी करतो.” मी लिहून देत गेले. सी भाषेतले सुरुवातीचे प्रोग्राम. बेरीज, पाढे, सम-विषम. प्रोग्राम चालला की सर त्याची पाठ थोपटायचे. अडला की माझ्या वहीवर लाल रेघ. सहा महिने हे चाललं. मी सोसलं असं सांगते लोकांना. खरं म्हणजे मला ते रीतसर वाटायचं. याचीच लाज जास्त वाटते.

छावणीला लागून दूध सोसायटीची डेअरी होती. तिथं नवा कॉम्प्युटर आला आणि जुना पेंडीच्या पोत्यांमागं जाऊन पडला. डेअरीच्या सेक्रेटरींना, अण्णांना, मी घाबरत विचारलं.

“चालू हाय तो. दुपारी लाईट असली की बसत जा,” ते म्हणाले. “एवढी भेतीस कावून?”

त्यावर सी भाषा नव्हती, म्हणून पुतण्याकडे मी पेनड्राइव्ह दिला. प्रोग्राम टाईप करायची स्क्रीनवरची निळी खिडकी तेवढी मी सहा महिने त्याच्या पाठीमागून पाहिली होती. तीच मागितली. त्यानं तेवढंच उतरवून दिलं.

पहिला प्रोग्राम बेरजेचा. एकेक अक्षर शोधून टाईप केलं. चालवला तर मशीननं इंग्रजीत चूक दाखवली, पहिल्याच ओळीवर बोट ठेवून. मी वही काढली. अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं. पुसून पुन्हा लिहिलं. तीन दुपारी गेल्या. सरांचंच खरं, आपल्याला हे जमणारं नाही, असं वाटून मी पोत्यावर डोकं टेकून बसले.

चौथ्या दिवशी लायब्ररीच्या पुस्तकात शेवटची पानं चाळली. तिथं सगळं सरळ लिहिलं होतं. खिडकीसोबत आणखी दोन फोल्डर लागतात आणि ते कुठं ठेवलेत हे मशीनला सांगावं लागतं. पुतण्याकडून ते दोन्ही आणले. पत्ता भरला. वहीतला तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता, चालवला. काळ्या पडद्यावर बारा आले. पाच आणि सात, बारा.

माझ्या लिहिण्यात चूक नव्हतीच. मला अर्धंच मिळालं होतं, आणि चूक मी तीन दिवस स्वतःतच शोधत होते. मी खूप रडले. अण्णा दुधाचे कॅन मोजत राहिले.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी आबांना सांगितलं, उद्या मी मशीनवर बसणार.

“बाई, आपली जनावरं त्यांच्या दावणीला हायेत,” ते म्हणाले. “तुला काय करायचं ते लई इचार करून कर.”

सकाळी सर म्हणाले, “तू लिही, तो टाईप करील.”

“न्हाई सर. मी बसणार.”

“तुझ्या बापाची जनावरं छावणीत हायेत ना?”

“हायेत,” मी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. प्रोग्राम चालला.

आठवड्याच्या आत छावणीतून आमचं नाव कमी झालं. कारण कुणी सांगितलं नाही. बैल राहिले, तिन्ही गाई आबांनी बाजारात दिल्या. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. गाईंची आठवण आली की आजही घास उतरत नाही. त्या माझ्यामुळं गेल्या, असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेते.

पण ती खुर्ची सोडायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा बसेन, आणि गाई छावणीतून कुणी काढल्या त्याचं नाव या वेळी चारचौघांत घेईन.