वावधान आणि पापड

ऑफिसच्या कपाटावर छत्र्या साठतात, तसे किस्से साठतात. कुणाची, कधी राहिली, आठवत नाही, टाकवतही नाही. आमच्या घणसोलीच्या ऑफिसातले हे काही. तपशिलात चूक असेल तर ती माझीच, हे आधीच सांगून ठेवतो.

काम हवामानाच्या ॲपचं. परदेशी क्लायंटने वादळवाऱ्याचे चाळीस इंग्रजी शब्द पाठवले होते. त्यांचं मराठी मी करायचं; निवृत्त प्राध्यापक म्हणून मला बोलावलेलं. लोकांना इशारे कळले तर ॲपमध्ये मराठी राहणार, नाहीतर काढून टाकणार! माझ्यामुळे मराठी जायची, या विचाराने माझं बीपी वाढलं.

*

यादीत पहिलाच शब्द ‘आइस स्टॉर्म’. पाऊस पडतो आणि फांद्यांवर, तारांवर गोठून त्याची काच होते. मी आठवडाभर विचार करून भीत भीत ‘बर्फाचं वादळ’ सुचवलं.

ऑफिसची व्यवस्था बघणारे म्हात्रे घणसोली गावातलेच. ते म्हणाले, “सर, बर्फाचं वादळ म्हणजे गोळेवाल्याचा गाडा उलटला का?”

मी ते खोडून ‘हिमवादळ’ केलं.

*

एका रविवारी मला एकदम धास्ती वाटली. टीम लीड केतकीला फोन लावला. ती कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती.

“अगं, गारपीट स्त्रीलिंगीच ना?”

“सर, व्याकरण तुम्हीच शिकवलंत आम्हाला! तुमची पीएचडी कशात आहे?”

“व्याकरणात.”

“मग?”

“म्हणूनच!”

*

मे महिन्यात टेस्टिंग करताना कुणाचं तरी बटण चुकलं, आणि ‘दुपारनंतर हिमवादळ’ हा मेसेज थेट उलव्यात सगळ्यांच्या फोनवर गेला. मी राहतो उलव्यात! बाहेर अंगाची लाही होत होती. मी माफी मागायला धावत सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथे मीटिंगच भरलेली.

सेक्रेटरी गंभीरपणे म्हणाले, “बरं झालं आलात, सर. गच्चीवरचा बर्फ सोसायटीने काढायचा, की टॉप फ्लोअरवाल्यांनी?”

मी टॉप फ्लोअरला राहतो.

*

मग खरी ट्रायल. घणसोली गावातली दहा माणसं निवडली. मी अचूक म्हणून लिहिलं होतं, ‘करकापातासह झंझावात संभाव्य.’ करका म्हणजे गारा. तीन कोशांत तपासलं होतं!

नऊ जणांनी विचारलं, “म्हणजे काय?”

दहाव्याने उत्तर पाठवलं, “भावपूर्ण श्रद्धांजली. केव्हा नेणार?”

केतकी हळूच म्हणाली, “सर, आता एकच ट्रायल उरलीय.”

*

मी खचलेला पाहून म्हात्रे मला त्यांच्या घरी घेऊन गेले. नव्या इमारतीच्या गच्चीवर त्यांची आई पापड वाळत घालत होती. मी तिला माझा दुसरा मसुदा वाचून दाखवला, ‘सोसाट्याच्या वाऱ्यासह मेघगर्जना अपेक्षित. नागरिकांनी यथोचित दक्षता घ्यावी.’

म्हातारीने शांतपणे ऐकून घेतलं.

“मास्तर, मना येवढाच सांग. पापड भितरी घ्याचं का नाय?”

“घ्यायचे, आई.”

“मंग तसा लिव ना! वावधान येतंय म्हून सांग!”

वावधान! सोसाट्याचा वारा आणि पाऊस. माझ्या आजोळचा शब्द. पन्नास वर्षं मी तो उच्चारला नव्हता. परत येऊन मी टाईप केलं, ‘वावधान येतंय. पापड आत घ्या.’ पाच वेळा खोडलं. हे प्रमाणभाषेत बसतं का? केतकीने माझ्या हातातून माउस काढून घेतला आणि ते क्लायंटकडे पाठवून दिलं.

चार दिवसांनी दुपारी आभाळ भरून आलं आणि तो इशारा दहा फोनवर वाजला. मी ऑफिसच्या खिडकीला नाक लावून उभा. समोरच्या गावात एकेक गच्ची भराभर रिकामी होत गेली: पापड, मिरच्या, गाद्या, एका गच्चीवरून तर आजोबासुद्धा खुर्चीसकट! ज्यांना मेसेज गेला नव्हता, त्यांनाही शेजारच्यांनी ओरडून सांगितलं. मग वारा आला.

दुसऱ्या दिवशी क्लायंटची मेल आली. केतकीने मोठ्याने वाचली.

“अभिनंदन. मराठी कायम. एकच शंका आहे. वादळाच्या तीव्रतेच्या तक्त्यात ‘पापड’ ही पातळी आम्हाला सापडत नाही. ती ‘हिमवादळा’च्या वर धरायची की खाली?”