कवळीवाल्यांची शुक्रवारची यादी

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचा डॉक्टर माप घेतो, पैसे घेतो आणि नाव कमावतो. मेणात दात बसवणं, साचा ओतणं, गुलाबी हिरडी घासून गुळगुळीत करणं हे सगळं आमचे हे एका गल्लीतल्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपात बसून करतात. सव्वीस वर्षांत त्यांनी निम्म्या शहराला चावता येईल असं केलं असेल, पण त्यातल्या एकालाही ह्यांचं नाव माहीत नाही. जिच्याखाली त्यांचं नाव येतं अशी जगात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शुक्रवारची यादी. त्या यादीवर ह्यांची सगळी इज्जत.

यादी असते दक्षिणेकडच्या नव्या गाण्यांची. तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड. आधी सिनेमातली, मग कुठल्याशा मुलामुलींनी खोलीच्या भिंतीला गाद्या टेकवून स्वतःच रेकॉर्ड केलेली. ह्यांना चारांपैकी एकही भाषा येत नाही. विचारलं तर म्हणतात, "भाषा आली की माणूस शब्दांत अडकतो." म्हणजे न येणं हीच पात्रता. आठ वर्षं झाली, दर शुक्रवारी सकाळी ऐकण्यासारखी सात गाणी, प्रत्येकापुढे ओळभर शेरा आणि खाली स्वतःचं नाव, असं सगळं एक्केचाळीस जणांच्या ग्रुपवर जातं. निम्मे माझ्या माहेरचे आहेत, त्यामुळे बिचाऱ्यांना बाहेर पडता येत नाही. माझा भाऊ तर यादी आल्यावर अर्ध्या मिनिटात "भाऊजी, अप्रतिम निवड" असं लिहून मोकळा होतो. सात गाणी अर्ध्या मिनिटात कशी ऐकली, हे विचारायचं नसतं.

गेल्या वर्षापासून मात्र शेऱ्यांचा नूर बदलला. "ताल छान, वर मात्र मोकळं." "हल्ली बासरी वापरायला यांना काय होतं?" "झांजा नाहीत, काटकसर दिसते." म्हटलं, चार भाषांतल्या संगीतकारांनी मिळून बासरीवर बहिष्कार टाकलाय आणि बातमी फक्त आमच्याच घरी आलीय. पण मी बोलणार काय, मी ती गाणी ऐकतच नव्हते. दिवसभर मी दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटचे नंबर पुकारते. घरी आल्यावर कुणाचाही आवाज नको असतो, मग तो कितीही गोड असो.

वर्कशॉपात ह्यांच्या शेजारच्या टेबलावर एक मल्याळी गृहस्थ बसतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जिवावर येतं त्यांच्या. सतरा वर्षांत त्यांनी ह्यांच्याकडे एकदाच काही मागितलं: पुतणीने स्वतः बसवून पहिलं गाणं काढलंय, बरं वाटलं तर यादीत घ्या. ह्यांनी घेतलं, मोठ्या मनाने, सातव्या नंबरावर. शेरा लिहिला, "आवाज गोड. मध्ये वीस सेकंद नुसता ढोल, वर काही नाही. मुलीने आळस सोडावा." माझ्या भावाने लगेच री ओढली, "खरंय, मधला भाग पोकळच आहे."

रविवारी मास्तर घरी आले. मी चहा दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला.

"त्या वीस सेकंदांत बासरी आहे," ते म्हणाले. "माझ्या भावाने वाजवलीय, मुलीच्या वडिलांनी. तुमचा शेरा त्याने माझ्याकडून समजून घेतला. मग विचारलं, इतकी वाईट झालीय का, की त्यांनी ती जमेला धरलीच नाही?"

हे हसले. "बासरी? छे हो, मास्तर." फोन काढला, गाणं लावलं आणि ती जागा आल्यावर बोट वर केलं. "हे बघा. ढोल आहे, ढोलच आहे. कुठाय बासरी?"

बासरी होती. अगदी वरच्या पट्टीत, बारीक, पण होती. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी स्वच्छ ऐकू आली. आणि वर्षभराचे सगळे शेरे मला एकदम कळले. हिरड्या घासायचं ते मशीन सव्वीस वर्षं ह्यांच्या कानाशी किंचाळतंय. कानात बोळे घाला म्हटलं की "मग मशीनचा आवाज कसा कळणार?" असं हे मलाच सुनावतात. कमी ऐकू येणारा पेशंट मी खिडकीतून लांबूनच ओळखते, त्याचा मला केवढा तोरा. आणि घरातल्या माणसाला मी वर्षभर नुसता हट्टी समजत होते.

"अगं, तू सांग," हे माझ्याकडे वळले. "तुला येतेय का ऐकू?"

चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळे घाबरलेले होते. ह्यांना तोंडावर खोटं पाडायची संधी मी लग्न झाल्यापासून शोधतेय. ती अशी आयती चालून आली, आणि मी म्हणाले, "नाही. ढोलच आहे."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. "बरं, वहिनी," एवढंच म्हणाले, कप तसाच ठेवला आणि निघाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवऱ्याची अब्रू झाकायला मी एका बापाची बासरी पुसून टाकली होती, तीही त्याच्या सख्ख्या भावासमोर.

मग वर्कशॉपात दोघांचं बोलणं बंद झालं. मास्तर आधीही बोलत नव्हतेच, पण आता ते ह्यांना जाणवायला लागलं. बुधवारी जेवताना ह्यांनी दोनदा फोन उचलला आणि दोनदा खाली ठेवला. एकदा खोटं बोलल्यावर खरं कुठून सुरू करायचं, हे मला सुचत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते. हे समोर येऊन बसले, तेच गाणं लावलं आणि फोन टेबलावर ठेवला. मला वाटलं, पुन्हा विचारणार. पण हे नुसते माझ्याकडे बघत बसले. मी मान खाली घालून सोलत राहिले, जणू ढोल ऐकून ऐकून मला कंटाळा आलाय. काय तो माझा अभिनय. पण ती बासरी एका ठिकाणी अशी काही वर चढते, की माझा हात शेंगेवर थांबला, आणि थांबलाय हे मला कळलंसुद्धा नाही.

ह्यांनी फोनवरचा वेळ बघितला. गाणं मागे घेतलं, पुन्हा लावलं. मी ठरवून सोलत राहिले, तरी हात तिथेच थांबला.

"एक मिनिट बावन्न," हे म्हणाले.

"अहो, ऐका ना..."

"चांगली वाजवलीय?"

मला रडूच आलं. नुसती मान डोलावली. हे उठून दुसऱ्या खोलीत गेले.

शुक्रवारी यादी मी दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मध्ये उघडली. सातऐवजी एकच गाणं होतं, मास्तरांच्या पुतणीचं. शेरा लिहिला होता, "एक मिनिट बावन्नला बासरी आहे. मला ती ऐकू येत नाही. पण ती वाजताना मी माझ्या बायकोचा चेहरा पाहिलाय. फार सुंदर वाजवली आहे."