बाटलीत टोचून ठेवलेली सुई

रंजनाचं बाळ गेलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत नर्सिंगच्या मुलींना हात कसे धुवायचे ते शिकवत होते. रडण्याचा आवाज आला आणि मुली माझ्याकडे बघत राहिल्या.

मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. रुग्णालयात आल्यावर कुणाला नवा आजार लागू नये, हे बघणं माझं काम. नवजात बाळांच्या वॉर्डात त्या आठवड्यात सेप्सिस, म्हणजे रक्तात जंतू शिरण्याचा प्रकार, एकामागून एक दिसायला लागला होता. रंजनाची मुलगी त्यातलीच. रंजना बोरी अरब या गावाच्या पुढच्या एका खेड्यातली. दूध पाजायला आत यायची आणि पाजून बाहेर व्हरांड्यात बसायची.

वॉर्डच्या इन्चार्ज कुंदा सिस्टर. बाळाची शीर कुणाला सापडली नाही की त्यांनाच बोलावतात. बाळ गेल्यावर त्यांचा तोल गेला. सगळ्यांसमोर त्या रंजनाला म्हणाल्या, "किती डाव सांगितलं तुले, हात धुऊन येत जाय. घे आता." रंजनानं आपले हात पदराखाली घेतले. मला ते बघवलं नाही, पण तेव्हा कारण मलाही तेच वाटत होतं.

लॅबचा रिपोर्ट आला. आजारी बाळांच्या रक्तात एकच जंतू होता. प्रत्येक आईचे हात वेगळे, घर वेगळं, मग जंतू एकच कसा? मी सिंक, बाळांना ऊब देणारे वॉर्मर, दूध पाजायच्या वाट्या, सगळ्यांचे नमुने पाठवले. काही निघालं नाही. मग वॉर्डात नुसती कोपऱ्यात उभी राहून बघत राहिले.

बाळाच्या हाताला सलाईनची बारीक नळी लावलेली असते. ती बंद पडू नये म्हणून अधूनमधून तिच्यात थोडं सलाईन सोडतात. त्याला फ्लश म्हणतात. ट्रॉलीवर सलाईनची एक मोठी बाटली होती, तिच्या बुचात एक सुई टोचून ठेवलेली. येईल ती सिस्टर त्या सुईला सिरिंज लावायची, ओढायची आणि बाळाकडे जायची. हात मात्र प्रत्येकीनं धुतलेले. सुई तशीच बाटलीत, उद्यापर्यंत.

एका विद्यार्थिनीला बाजूला घेऊन विचारलं, की हे चालतं का. ती म्हणाली, "नाही मॅडम. पेपरात आम्ही दर वेळी नवी सुई असंच लिहितो. वॉर्डात असं करतात." तिच्या आधीच्या बॅचनंही हेच पाहिलं होतं. सलाईन वाया जाऊ नये, बाळ रडत असताना वेळ जाऊ नये, म्हणून कधीतरी सुरू झालेली ही रीत. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

बाटलीचा नमुना लॅबला पाठवला, तोच जंतू निघाला.

बाटली त्याच दिवशी बंद झाली, प्रत्येक बाळाला वेगळी छोटी कुपी सुरू झाली. मीटिंगमध्ये मी विचारलं, रंजनाला कोण सांगणार? विभागाचे मोठे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, वॉर्ड सुधारला ना, आता जुनं उकरून काय उपयोग, उद्या गाव दारात येईल. मी म्हटलं, "सर, ती आपल्या हातानं लेक मारली असं समजून घरी गेली आहे." सरांनी पुढचा विषय घेतला.

सुट्टीच्या दिवशी मी रंजनाच्या गावाला जायला निघाले तर बस स्टँडवर कुंदा सिस्टर उभ्या. त्याही रंजनाकडेच निघाल्या होत्या. दोघींची तिकिटं त्यांनीच काढली.

रंजनाच्या घरी तिच्या सासूनं बाज टाकून दिली, चहा ठेवला. रंजना भिंतीशी बसली होती. तिची मोठी मुलगी, जेमतेम चालणारी, दोनदा तिच्याकडे गेली आणि दोन्ही वेळा रंजनानं हात मागे घेऊन तिला सासूकडे पाठवलं. सासू म्हणाली, दवाखान्यातून आल्यापासून असंच आहे, पोरीला जेवू-न्हाऊ सगळं मीच घालते.

कुंदा सिस्टर खाली तिच्या समोर जाऊन बसल्या. "रंजना, तुह्या हातानं काही झालं नाही. आमची सलाईनची बाटली खराब होती. आम्हीच ती वापरत होतो. मी तुले बोलली ते चुकीचं होतं."

रंजनानं सासूकडच्या मुलीकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "मंग मी या पोरीले इतके दिवस काहून दूर ठेवलं?"

तिचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं तक्रार कुठे करायची ते विचारलं, मी सांगितलं. रंजना उठली, तिनं न्हाणीत जाऊन साबणानं हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि मगच मुलीला उचललं.

तक्रार झाली, चौकशी झाली, आम्हा दोघींना न विचारता गेल्याबद्दल मेमो मिळाला. आता मी ट्रेनिंग ट्रॉलीपाशी उभी राहून घेते. मी मुलींना सांगते, रिपोर्ट येईपर्यंत आईला दोषाचा एक शब्द बोलायचा नाही. पेपरात हे विचारत नाहीत, त्यामुळे त्या लिहून घेत नाहीत.