बारा इंचांचं भिंग

थाप मारायच्या आधी मामा चष्मा काढून खिशात ठेवत. मग "आता ऐका," म्हणत, आणि डॉक्टरांच्या गच्चीवर जमलेली आम्ही कलकत्त्यातली चार मराठी माणसं खुर्च्या पुढे ओढत असू.

फोर्ट विल्यममध्ये एका जनरलने त्यांना स्वतःच्या हाताने चहा करून दिला होता. सुंदरबनातल्या वाघाने कॅमेरा पाहून मान वळवली होती, कारण त्याची डावी बाजू चांगली दिसते. आम्ही हसलो की बंगाली थाटात म्हणत, "की मुश्किल! माझं खरंही तुम्हांला पचत नाही."

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. आमचे मामा कलकत्त्यातच जन्मले, वाढले. कुणाचे मामा, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. युद्धानंतर लष्कराने विकून टाकलेले कॅमेरे आणि भिंगं दुरुस्त करून ते सियालदहजवळच्या एका खोलीत विकत. गप्पांत कितीही थापा मारल्या, तरी मालाबद्दलचा त्यांचा शब्द कुणी तपासत नसे.

तो मी तपासला.

डॉक्टरांना पक्ष्यांचे फोटो काढायचे होते. मामांनी त्यांच्यासाठी लांब पल्ल्याचं एक भिंग आणलं. पुढच्या कडीवर भिंगाचं नाभीय अंतर कोरलं होतं: बारा इंच. नळी मात्र चांगलीच आखूड. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला पुण्याहून नुकताच आलो होतो. "मोजूनच बघू," मी म्हणालो. वर्गात एका साध्या भिंगाने दाखवतो तसं मी केलं. दूरची गिरणीची चिमणी तेलकट कागदावर स्पष्ट उमटवली आणि मागच्या काचेपासून कागदापर्यंत फूटपट्टी लावली. सात इंच.

"मामा, पाच इंच कुठे सांडले हो?" डॉक्टर म्हणाले.

"ट्रॅममध्ये राहिले असतील!" मागून कुणीतरी.

मामाही हसले. मग माझ्याकडे वळले. "प्रोफेसर, नीट मोजलंत ना?"

"हे विज्ञान आहे, मामा. इथे गप्पा चालत नाहीत."

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रंथालयात एक पुस्तक चाळताना मला कळलं. अशा भिंगांत काचा मुद्दाम अशा बसवतात, की नळी आखूड राहावी. त्यांचा आकडा मागच्या काचेपासून मोजून मिळत नाही. प्रतिमा केवढी पडते, त्यावरून काढावा लागतो. चिमणी केवढी पडली होती, ते मी पाहिलंच नव्हतं. बारा इंच खरे होते.

त्याच संध्याकाळी सांगायला गेलो. मामा खिडकीपाशी बसून कानशीने कडीवरचा आकडा घासत होते.

"या, या. बरं झालं तुम्ही मोजलंत. हे विकणाऱ्या त्या गोऱ्या सोल्जरने मला बनवलं, आणि मी डॉक्टरांना बनवणार होतो. आता पुढचा कुणी तरी फसायला नको."

त्यांनी पितळेचा भुगा फुंकला. दोन पुसला गेला होता, एक अजून शाबूत होता. तेवढ्यात मी बोलू शकलो असतो. पण गच्चीवरचं ते हसू आता माझ्यावर येणार, एवढंच मनात आलं.

"बरं केलंत," मी म्हणालो.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसानंतरही ते गच्चीवर येत राहिले. पण कुणी एखादं भिंग पुढे केलं, तर हात मागे घेत.

"मला नका विचारू. प्रोफेसरांना विचारा. ते मोजून सांगतात."

लोक मला विचारत. मी सांगत असे.