नांदुरीच्या घाटात जळालेला क्लच

यजमानांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सप्तशृंगीला नवस बोलले होते. ते बरे झाले आणि मला शंका यायला लागली. बरं तर डॉक्टरांनी केलं, मग गडावर कशाला जायचं? तरी बोललेलं फेडावं म्हणून एका सकाळी नाशिक रोडहून निघालो. गाडी मीच चालवत होते. पन्नाशीनंतर शिकलेली, पण हात चांगला बसला होता.

नांदुरी सोडून घाट लागला. पुढे बसची रांग होती. गाडी मागे घसरेल या भीतीने मी प्रत्येक चढावर अर्धा क्लच दाबून, ॲक्सिलरेटर देत ती तोलून धरत होते. एका वळणावर जळका वास आला. इंजिन नुसतं गुरगुरू लागलं, गाडी जागची हलेना. हँडब्रेक ओढून शेजारी पाहिलं, तर यजमान घामाने थबथबलेले. "छातीत दाटल्यासारखं होतंय," म्हणाले. मला प्रार्थनेची एक ओळही सुचेना. "आई, आता तूच बघ," एवढंच निघालं.

गडावरून उतरणारी एक जीप थांबली. चालक वणीचा, माझ्याच वयाचा. त्याने आमच्या चाकांमागे दगड लावले. पुढच्या सीटवरची म्हातारी न सांगता उतरली. "भाऊंना बसू दे इथं, मी मागं बसते," म्हणाली.

वणीच्या दवाखान्यात लगेच उपचार सुरू झाले आणि दुपारी यजमान उठून चहा प्याले. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

जीपवाले दादा मेकॅनिकला गाडी दाखवून परत आले होते. "क्लचप्लेट गेली, ताई. चढाला थांबलं की हँडब्रेक लावायचा, गिअर काढायचा अन् क्लचवरचा पाय उचलायचा. निघताना गाडीनं ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा. अन् चालत्या गाडीत पाय क्लचच्या पेडलवर ठेवायचाच नाय, त्यानंच क्लच झिजतो."

"तुम्ही नेमके तेव्हाच कसे आलात?"

"माझी रोजची फेरी हाय ती."

असेलही. मी वाद घालत नाही. पण भीतीपोटी अर्धवट धरून ठेवलेलं सगळं त्या दिवशी माझ्या हातून सुटलं, आणि ते कुणीतरी झेललं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

महिन्याने आम्ही पुन्हा निघालो. त्याच चढावर पुढची बस थांबली. मी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, पाय उचलला आणि स्वस्थ बसले. गाडी तसूभर घसरली नाही. गडावर पोहोचल्यावर देवीपुढे मागायचं काही आठवेना. यजमान शेजारी हात जोडून उभे होते. मी माथा टेकला.