मागच्या भागात काय झालं ते लिही

इन्स्पेक्शनच्या ताईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहितो. नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की हा नुसता टीव्हीवर चिडलेला माणूस आहे. चिडलेला आहेच. पण नाशिकला अंबडच्या कारखान्यात आज माझ्याकडे मशीन आहे ते त्यांच्यामुळे. ताई नाशिकच्याच, दोन मुलींची आई. मापं तपासायच्या टेबलावर कित्येक वर्षं आहेत. नाव लिहीत नाही, लिहिलं तर म्हणतील, "तुला दुसरं काम नाही का रे?"

माझं घर किनवटच्या पुढे. एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. शाळा आठवीत सुटली. कुणी काढलं नाही. दीड महिना कापूस वेचायला गेलो आणि परत आलो तोवर गणित फार पुढे गेलं होतं. सरांना विचारलं तर म्हणाले, "मागचं झालंय, मित्राच्या वहीतून उतरवून घे." उतरवून घेतलं, पण कळलं काहीच नाही. मग वर्गात बसायची लाज वाटायला लागली आणि एका सोमवारी गेलोच नाही.

त्यामुळे मधून आलेल्या माणसाला आत न घेणारी कुठलीही गोष्ट मला सोसत नाही. अंतराळाच्या मालिका मला आवडतात, पण त्यांत दोन तऱ्हा आहेत. एक माझी. एक यान, पाच माणसं, दर भागात नवा ग्रह. उतरतात, काहीतरी भलतंच अंगावर येतं, पाऊण तासात निस्तरतात आणि निघतात. हिंदीत डब केलेलं. तिसऱ्यानंतर थेट अकरावा भाग लावा, कुणी विचारत नाही इतके दिवस कुठे होतास. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यानं दुसरं काय बघावं?

दुसरी तऱ्हा माझ्या रूममेटची. तो चांदवडचा. आमचं मशीनही एकच. मी पहिल्या शिफ्टला असलो की तो दुसऱ्या, आठवड्यानं उलट. धड भेट व्हायची ती सुट्टीच्या शनिवारी. त्याच्या मालिकेत लांबच्या एका चंद्रावर बर्फाखाली वस्ती आहे. वस्तीच्या भिंतीला तडा गेलाय, आणि तो कुणी पाडला हे तीन सीझन शोधतायत. एका शनिवारी मी शेजारी बसलो.

"ही बाई कोण?"

"ती मेलेली हाय."

"मग बोलतेय कशी?"

"अरे येड्या, हे मागचं दाखवतेत. तू पहिल्यापासून बघ ना. असं मधूनच घुसलं तर काय नाय कळणार."

"पहिल्यापासून म्हणजे किती?"

"सत्तावीस भाग. लय भारी हाय. पहिले पाच जरा स्लो."

पाच भाग स्लो! तेवढ्यात आमच्या यानानं पाच ग्रह निस्तरले असते. मी उठून कपडे धुवायला गेलो.

आता कारखान्यातलं. शिफ्ट संपली की हँडओव्हरच्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं, आज काय झालं, काय अर्धवट आहे, पुढच्यानं काय बघायचं. मला लिहायची धास्ती. चार ओळींत सहा चुका होणार आणि त्यावर सगळं डिपार्टमेंट हसणार. म्हणून मी रोज 'मशीन ओके' एवढंच लिहायचो. तेवढे दोन शब्द मात्र वळणदार यायचे. पाच महिने निभावलं. सहाव्या महिन्यात ठरायचं होतं, मला ठेवायचं की घरी पाठवायचं. आई फोनवर दर वेळी जेवलास का याच्याही आधी विचारायची, "ठेवलं का रे तुला?"

एक दिवस बुशचं, म्हणजे मधे भोक असलेल्या लोखंडी नळकांड्यांचं, काम चालू होतं. टूल झिजलं की भोक बारीक यायला लागतं. मग मशीनला आकडा द्यावा लागतो, म्हणजे ते पुन्हा मोठं कापतं. शिफ्ट संपता संपता मी तो आकडा दिला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मशीन ओके'. रूममेट आला. मशीनशेजारी मापांचा तक्ता असतो, त्यावरचं शेवटचं माप दुरुस्तीच्या आधीचं होतं, बारीक. त्यानंही आकडा दिला. पहिला पीस मोजायला हवा होता, तो मोजला नाही. ओके लिहिलंय म्हटल्यावर चालू केलं. भोक बारीक राहिलं तर पुन्हा कापता येतं. मोठं झालं की भंगारच. क्रेट भरून भंगार झालं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझर साहेबांनी दोघांना उभं केलं. रूममेटला शिव्या बसल्या. तो कायम होता, शिव्यांवर भागलं. मला म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नको." आईला काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

ताई रजिस्टर घेऊनच आल्या. "साहेब, पाच महिने हा दोनच शब्द लिहितोय आणि पाच महिने आपण खाली सही करतोय. पंधरा दिवस द्या. मी रोज वाचते याचं."

साहेबांनी आपल्याच सह्यांकडे पाहिलं. "पंधरा. सोळावा नाही."

त्या दिवशी चहाच्या सुट्टीत ताईंनी कागद पुढे केला. "टीव्हीवर काय बघतोस? कालचा भाग लिही. ज्यानं बघितला नाही त्याला पुढचा बघता आला पाहिजे."

मी लिहिलं: यान आलं. संकट आलं. मिटलं. गेलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे तर मशीन ओकेच झालं की रे."

"ताई, त्यात तसंच असतं. पुढच्याला मागचं लागतच नाही."

"तुझ्या मशीनला लागतं. मित्राची ती बर्फाखालची बघ. मीपण तीच बघतेय. बघ आणि रोज लिहून आण."

म्हणजे शिक्षा म्हणून तेच! रूममेटला कळलं तर तो पोट धरून हसला. "बस आता पहिल्यापासून, बाळ."

बसलो, रोज दोन भाग. आणि काय सांगू, इतका वैताग मला उन्हात कापूस वेचतानाही आला नव्हता. सहाव्या भागात एक माणूस पाण्याचा कॉक बंद करतो. का केला ते नवव्या भागात कळतं. मधल्या दोन भागांत वस्ती तहानेनं तडफडते आणि तो शहाणा गप्प. डॉक्टरणीला भिंतीचं माहीत आहे, ती नवऱ्याला सांगत नाही. नवऱ्याला कॉकचं माहीत आहे, तो तिला सांगत नाही. भाग संपला की दारात कुणीतरी उभं राहणार, तोंड दाखवणार नाही. मी ताईंच्या टेबलावर जाऊन भडकलो.

"ताई, यातल्या एकानं जरी शिफ्ट संपताना लिहून ठेवलं असतं ना, की कॉक मी बंद केलाय, उघडू नका, तर ही मालिका सहाव्या भागातच संपली असती!"

ताई हसायच्या थांबेनात. मापायचं डायल गेज खाली ठेवून म्हणाल्या, "हां! एवढंच लिहायचंय तुला. यांनी जे सांगितलं नाही ते."

त्यांनी माझं शुद्धलेखन कधी तपासलं नाही. फक्त विचारायच्या, किती? कधी? पुढच्यानं काय करायचं? उत्तर नसलं की कागद परत. दहाव्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'पावणेतीनला भोक बारीक आलं. वीस मायक्रॉन वाढवले. तक्त्यावरचं माप त्याच्या आधीचं आहे. परत वाढवू नये. पहीला पीस मोजणे.' 'पहिला' लिहिताना चुकलो होतो. कुणी हसलं नाही. रूममेट म्हणाला, "आयला, निबंध लिहितो का काय तू?" पण पीस मोजला.

पंधराव्या दिवशी साहेबांनी रजिस्टर उभ्यानं वाचलं. मी मशीन पुसत होतो, पुसलेलंच परत पुसत होतो. ते म्हणाले, "एवढं कशाला लिहितो? जरा कमी लिहीत जा." सही केली आणि गेले.

मी ताईंकडे धावलो. "म्हणजे ठेवलं का मला?"

"पुढच्या महिन्याच्या शिफ्टचार्टला नाव लागलंय तुझं. अजून काय, वाजंत्री लावू?"

आईला फोन केला. तिनं विचारायच्या आत सांगितलं, ठेवलं. मग ती म्हणाली, "जेवलास का?"

ती बर्फाची मालिका मला अजूनही आवडत नाही. सत्तावीस भाग बघून भिंत कुणी फोडली ते कळलं नाहीच. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ताई चहाच्या सुट्टीतच ती मोबाइलवर बघायच्या, आणि ते पंधरा दिवस त्यांची सुट्टी माझ्या कागदांत गेली. पुढे धाकटीची परीक्षा आली, सासूबाई आजारी पडल्या. त्या एकोणिसाव्या भागावर अडकल्या त्या अडकल्याच. मधलं सोडून पुढचं बघणं त्यांच्यात बसत नाही. रूममेट तोंड उघडायला लागला की त्या कानांवर हात ठेवतात.

ताई, एका शनिवारी मी तुमच्या घरी येईन. भाकरी मला येतात, भाजी जमेल तशी करीन. सासूबाईंची औषधं वेळेवर देईन, दारावरची बेल मी बघीन. तुम्ही फक्त बसायचं आणि उरलेले आठ भाग ओळीनं बघायचे. पुढे काय होतं ते मी चुकूनही बोलणार नाही.