बारावी ओळ

२१ मार्च १९५९ रोजी, शनिवारी सकाळी, चिंचवड स्टेशनवर नानासाहेबांनी हिंदुरावांच्या हातात अकरा रुपये चाळीस नये पैसे ठेवले. मुंबईचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि तिथलं बसभाडं. हा खर्च खरं तर कारखान्याचा, पण मॅनेजरांनी या खेपेला सही केली नव्हती. "मागच्या खेपेला काय दिवे लावलेत ते पाहिलं," एवढंच म्हणाले होते.

हिंदुराव पाटणकडचे. वय एक्केचाळीस. कऱ्हाडच्या एका पेढीवर वीस वर्षं त्यांनी वह्या लिहिल्या, आणि पेढी बसली तेव्हा बायकोला घेऊन चिंचवडात दोन खोल्यांत येऊन राहिले. पिंपरीच्या काचेच्या कुप्या करणाऱ्या कारखान्यात त्यांना नक्कल कारकुनाची जागा मिळाली, तीही कच्ची. एकतीस मार्चला ठरणार होतं, कायम करायचं की घरी पाठवायचं. आकडे मात्र असे काढत की छापलेले वाटावेत.

म्हणूनच नानासाहेबांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतलं. नानासाहेब कारखान्याच्या कचेरीतले अधिकारी, गणितात मुरलेले. कोणत्या भट्टीच्या कुप्या जास्त फुटतात, हे आठ महिन्यांच्या नोंदींवरून त्यांना शोधायचं होतं, आणि मुंबईच्या एका संस्थेने आपल्या गणकयंत्रावर दोन शनिवारी अर्धा-अर्धा तास देऊ केला होता. यंत्राला भाषा कळत नाही. त्याचे हुकूम आकड्यांत लिहायचे. एका ओळीला एक हुकूम. ओळीतला पहिला आकडा काय करायचं ते सांगतो, दुसरा कोणत्या घरातला, म्हणजे यंत्राच्या कोणत्या कप्प्यातला आकडा घ्यायचा ते. नानासाहेबांनी पेन्सिलीने अशा ब्याण्णव ओळी लिहिल्या आणि पक्की प्रत करायला हिंदुरावांकडे दिल्या.

अकरावी आणि बारावी ओळ अगदी सारखी होती. पेढीवर एकच नोंद दोनदा आली की दुसरी खोडायची, न विचारता. तसं न करणारा कारकून बावळट ठरायचा. हिंदुरावांनी बारावी ओळ गाळली, खालच्या ओळींचे क्रमांक नीट सरकवून घेतले, एक्क्याण्णव ओळींची प्रत केली आणि पद्धतीप्रमाणे कच्चा कागद फाडून टाकला. नानासाहेबांनी वरवर नजर टाकून सही केली.

सात मार्चला यंत्राने ते हुकूम घेतले आणि अर्धा तास संपेपर्यंत चालतच राहिलं. उत्तर नाही, थांबणं नाही. शेवटी तिथल्या माणसाने ते बंद केलं. मॅनेजरांनी नानासाहेबांकडे लेखी खुलासा मागितला, चौदा तारखेपर्यंत. नानासाहेब रोज ती प्रत समोर घेऊन बसत आणि शेवटच्या भागाकाराच्या ओळींमध्ये चूक शोधत, कारण तोच भाग अवघड होता.

हिंदुरावांना बारावी ओळ आठवली. आपण गाळलेल्या ओळीमुळे हे झालं का? झालं असेल तर सांगायला हवं. पण नक्की माहीत नसताना सांगायचं काय, आणि एकतीस मार्च तोंडावर आलेला. सोमवारी दुपारच्या सुट्टीत ते नानासाहेबांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, हे हुकूम कसे लिहितात ते मला शिकवाल का?"

"आता? वरात निघून गेल्यावर घोडा सजवायचा का?" नानासाहेब म्हणाले, पण खुर्ची पुढे सरकवली. "बसा. असं समजा, एक चाळ आहे. खोल्यांना नंबर आहेत. प्रत्येक खोलीत एकच आकडा राहतो. नवा आला की जुना बाहेर."

"आणि जुना जातो कुठे?"

"कुठेच नाही. पुसला जातो. तुमच्या वहीसारखं मागचं पान इथे नाही, हिंदुराव."

रोज अर्धा तास असं चाललं. घरातला आकडा बेरजेत घ्या, वजा करा, परत घरात ठेवा, अमुक ओळीवर जा. हिंदुराव चुकत, कारण न लिहिलेलंही यंत्र समजून घेईल असं ते धरून चालत. "यंत्राला समजूत नसते," नानासाहेब पुन्हा पुन्हा सांगत. "लिहिलं तेवढंच. तुमच्या मनातलं काही नाही."

गुरुवारी हिंदुरावांनी धीर करून विचारलं, "साहेब, एकच ओळ लागोपाठ दोनदा येऊ शकते का?"

"येईल की. दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा. झालं चौपट. आपल्या पेटीत कुप्यांचे चार थर असतात, तिथे तसंच केलंय ना."

हिंदुरावांना कळलं, बारावी ओळ हवीच होती. पण लगेच मनाने वाट काढली. ओळ गेली तर उत्तर निम्मं येईल, चुकीचं येईल. यंत्र थांबणारच नाही असं कशाला होईल? म्हणजे दोष दुसरीकडेच असणार. त्या आधारावर ते गुरुवारी गप्प बसले, शुक्रवारीही. शनिवारी नानासाहेबांनी खुलासा दिला: चूक माझी आहे.

रविवारी दुपारी हिंदुरावांनी प्रतीची कार्बन नक्कल घरी पसरली आणि स्वयंपाकघरातले डबे ओळीने मांडले. प्रत्येक डबा म्हणजे एक घर. मोजणीच्या डब्यात पाच हरभरे टाकले. डबा रिकामा झाला की काम संपलं, अशी ती रचना होती. त्यांनी एकेक ओळ वाचायची आणि बायकोने, सावित्रीबाईंनी, तसं करायचं.

"मी सांगेन तेवढंच कर. आपलं डोकं लावू नकोस."

"लग्न झाल्यापास्नं त्येच करतीय," सावित्रीबाई म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या.

चौदावी ओळ: मोजणीच्या डब्यातून एक काढ. एक हरभरा निघाला. बाविसावी ओळ: डबा रिकामा नसेल तर पंधराव्या ओळीवर जा. पंधरा, सोळा, पुन्हा बावीस, पुन्हा पंधरा. चौथ्या फेरीला सावित्रीबाईंनी हात थांबवला.

"अवं, ह्यो डबा रिकामा हुयाचा कसा? मगाशी एकदा काढला, मग तुमी काढायला सांगतच न्हाई. चार हायती ते चारच ऱ्हाणार."

हिंदुरावांनी कागद जवळ ओढला. मूळ कागदात 'एक काढ' ही पंधरावी ओळ होती. त्यांनी बारावी गाळली, तशी ती चौदावर सरकली. 'पंधरावर जा' या हुकुमातला पंधराचा आकडा मात्र तसाच राहिला. ओळींचे क्रमांक सुबकपणे सरकवणारा हात त्यांचाच होता.

"काय झालं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"माझ्यामुळं झालं," ते म्हणाले. सावित्रीबाईंनी हरभरे गोळा केले.

सोमवारी सकाळी त्यांनी नानासाहेबांना सगळं सांगितलं. नानासाहेबांनी प्रत काढून अकरावी ओळ पाहिली.

"ओळ गाळली तेव्हा मला का विचारलं नाही?"

"पेढीवर विचारत नसू."

"आणि गुरुवारी विचारलंत, ते हेच होतं?"

"होय."

"गुरुवारी सांगितलं असतंत तर मी तो खुलासा दिला नसता." आवाज चढला नव्हता. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. ब्याण्णव ओळी. या वेळी तुम्ही लिहा, मी तपासतो."

हिंदुरावांनी त्याच दिवशी मॅनेजरांनाही अर्ज दिला, चूक आपली असल्याचा. मॅनेजरांनी तो वाचून फाइलला लावला. "सही नानासाहेबांची आहे," म्हणाले. "आता कागद बदलत नाहीत."

एकवीस मार्चला यंत्र अकरा मिनिटं चाललं आणि आपण होऊन थांबलं. आकड्यांचा कागद बाहेर आला. तिसऱ्या भट्टीच्या कुप्या सर्वांत जास्त फुटत होत्या. तिथल्या माणसाने विचारलं, "हुकूम कोणी लिहिले?" हिंदुरावांनी नानासाहेबांचं नाव सांगितलं.

एकतीस मार्चला हिंदुराव कायम झाले आणि गणनेचं काम त्यांच्याकडे आलं. नानासाहेबांची वार्षिक वाढ रोखली गेली. मे महिन्यात ते नोकरी सोडून बडोद्याला गेले. जाताना पत्ता देतो म्हणाले होते, तो आला नाही.

एप्रिलच्या पगारातून हिंदुरावांनी त्यांना नऊ रुपये परत केले होते. दोन रुपये चाळीस नये पैसे देणे बाकी आहे.